ढिगाऱ्यांवरची झाडे मोजलीत, आता जाती मोजा

प्रति,
केंद्रीय कोळसा मंत्रालय. पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय. कोळसा कंपन्यांचे पर्यावरण विभाग. महाराष्ट्र वनविभाग आणि महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ यांतील जबाबदार अधिकाऱ्यांस

महोदय, महोदया,


८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणात एक छोटा पण दूरगामी आदेश दिला. खाणकाम संपल्यावर खाणपट्ट्यावर आणि खाणीमुळे बिघडलेल्या आसपासच्या जमिनीवर पुन्हा गवत उगवले पाहिजे, ती जमीन चारा, वनस्पती आणि प्राणी यांना पोसण्याजोगी झाली पाहिजे, अशी अट प्रत्येक खाणपट्ट्यात आणि पर्यावरण मंजुरीत घाला, असे न्यायालयाने केंद्र सरकारला बजावले. खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे, आमच्या नागपूरचे. त्याच महिन्याच्या १६ तारखेला पर्यावरण मंत्रालयाचे तसे परिपत्रकही निघाले. न्यायालयाने आधी गवताचे नाव घेतले, मग चाऱ्याचे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांनी विदर्भातले उन्हाळे आणि बांधलेली गुरे पाहिली आहेत, त्यांना त्यामागचा विचार समजावून सांगावा लागत नाही.

पण जमीन ‘पोसण्याजोगी’ झाली हे ठरवायचे कसे? हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यात वनस्पतिशास्त्र शिकवले. वर्धा नदीच्या दोन्ही अंगांना वणी, घुग्घुस, भद्रावती, राजुरा, बल्लारपूर या पट्ट्यात कोळशावरची माती आणि खडक काढून रचलेले जे डोंगर उभे आहेत, त्यांच्यावर विद्यार्थ्यांना घेऊन चढलो. गावातले लोक त्यांना नुसते ‘डंप’ म्हणतात, खाणीतले कामगार ‘ओबी’. या फिरण्यातून माझे जे मत बनले ते आधीच सांगतो. ढिगाऱ्यावर किती रोपे लावली आणि त्यांतली किती जगली, एवढ्यावर पुनर्स्थापना झाली असे ठरवू नका. तिथे आज कोणत्या जाती आहेत, कोणती जात किती प्रमाणात आहे आणि त्यांतल्या किती जाती आपल्या आपण पुढची पिढी उगवत आहेत, हे मोजा. ते मोजून लोकांसमोर ठेवल्याशिवाय खाण बंद करण्याच्या खर्चासाठी कंपनीकडून राखून ठेवलेल्या एस्क्रो खात्यातली शेवटची रक्कम मोकळी करू नका.

आज मोजले जाते ते काय? कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुऱ्यांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षे येते: स्थानिक जाती लावाव्यात आणि झाडांची घनता हेक्टरी सुमारे २५०० असावी. म्हणजे दोन-दोन मीटरवर एक रोप. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आकड्यात आहे, म्हणून तो पाळला जातो. पहिला अर्धा भाग शब्दांत आहे, म्हणून तो निसटतो. सहामाही अनुपालन अहवालात हेक्टर येतात, रोपांची संख्या येते, जगलेल्या रोपांची टक्केवारी येते. ‘स्थानिक जाती लावल्या’ हे मात्र एका ओळीत उरकते, फार तर पाच-सहा नावे आणि पुढे ‘इत्यादी’. त्या ‘इत्यादी’त काय काय दडले आहे ते ढिगाऱ्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

दुसरे माप उपग्रहाचे. कोल इंडियाची रांचीची सीएमपीडीआय ही संस्था खुल्या खाणींची उपग्रह-छायाचित्रे तपासते. कोळसा आणि माती मिळून वर्षाला ५० लाख घनमीटरपेक्षा जास्त उत्खनन करणाऱ्या खाणी दर वर्षी तपासल्या जातात, त्याहून लहान खाणी तीन वर्षांतून एकदा. किती क्षेत्र उकरलेले आहे, किती भरून काढले, किती हिरवे झाले, हे त्यातून चांगले कळते. हे काम उपयोगाचे आहे आणि ते चालू राहिले पाहिजे. परंतु अशा नकाशात सुबाभळीचे रान आणि येन-धावड्याचे जंगल एकाच हिरव्या रंगात येते. भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्याही अशीच आहे: एक हेक्टर किंवा जास्त जमिनीवर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्के असली की ती वनाच्छादनात धरली जाते, जात कोणतीही असो. वर्गात मुले किती बसली आहेत हे मोजून ती काय शिकली हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

आता खाली उतरून पाहू. माझ्या चांगल्या परिचयाचा एक जुना ढिगारा आहे. खाणीचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण असे ढिगारे पुष्कळ आहेत. दुरून तो दाट हिरवा दिसतो. जवळ गेल्यावर उतारावर सुबाभूळ, तिच्या मधूनमधून काशिद, ऑस्ट्रेलियन बाभूळ, कडेला वेडी बाभूळ. माथ्यावरच्या सपाटीवर गुलमोहराच्या दोन-चार रांगा, ओळीने लावलेले शिसम आणि करंज. झाडांखाली पावसाळ्यात तरोटा, रानतुळस, गाजर गवत. आणि सर्वांत जास्त काय, तर सुबाभळीचीच बोटभर उंचीची रोपे, चालताना पाय ठेवायला जागा नाही इतकी. घाणेरीने एक कोपरा धरलेला आहे आणि ती दर पावसाळ्यात पुढे सरकते. सुबाभूळ आणि घाणेरी या दोन्ही वनस्पती जगातल्या सर्वांत त्रासदायक अशा शंभर आक्रमक जातींच्या यादीत आहेत, आणि ही यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाशी संलग्न तज्ज्ञांची आहे. कागदावर हा ढिगारा यशस्वी आहे. रोपे जगली, छत्र दाटले, उतार धरून राहिला.

उतार धरून राहिला ही लहान गोष्ट नाही, आणि ती मी हलक्याने घेत नाही. ज्यांनी पहिल्या पिढीत या ढिगाऱ्यांवर झाडे लावली त्यांच्यापुढचे काम सोपे नव्हते. वाळूचा खडक, काळी कोळसट पाटी, त्यात ना नत्र ना स्फुरद, पाणी ठरत नाही, उतार २८ अंशांच्या आत ठेवला तरी पहिल्या पावसात घळी पडतात. त्यावर चंद्रपूरचा मे महिना, पारा ४७ अंशांवर. अशा जागी नत्र धरणारी, झपाट्याने वाढणारी झाडे लावण्याचा सल्ला शास्त्रज्ञांनीच दिला होता. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्याची मळी, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी वापरून दगडासारख्या जमिनीवर झाडे उभी करून दाखवली. ते काम महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे आहे. माझा आक्षेप त्या पहिल्या पावलावर नाही. पहिले पाऊल टाकून तिथेच प्रवास संपल्याचे प्रमाणपत्र घेण्यावर आहे.

संख्या आणि विविधता यांत काय अंतर आहे, ते थोडे हिशोबाने दाखवतो, कारण आपल्या कार्यालयांत हिशोबाची भाषा चालते. समजा दोन तुकडे आहेत. दोन्हींत शंभर-शंभर झाडे आणि दहा-दहा जाती. पहिल्यात प्रत्येक जातीची दहा झाडे. दुसऱ्यात एका जातीची ९१ आणि बाकी नऊ जातींचे प्रत्येकी एक. अहवालात दोन्हींची नोंद सारखीच होईल: झाडे १००, जाती १०. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनासाठी मांडलेले सूत्र परिस्थितिशास्त्रज्ञ गेली कित्येक दशके वनस्पतींसाठी वापरतात. त्याने मोजून, आलेल्या उत्तराचे ‘प्रभावी जातींत’ रूपांतर केले, तर पहिल्या तुकड्याचे उत्तर येते १०. दुसऱ्याचे येते साधारण १.६. म्हणजे दहा जाती नोंदलेला तो तुकडा प्रत्यक्षात दोन जातींचाही नाही. उद्या त्या ९१ झाडांवर एखादी कीड आली तर त्या तुकड्यावर काय उरेल? कीड ही कल्पनेतली गोष्ट नाही. सुबाभळीचा रस शोषणाऱ्या सिल्लिड किडीने १९८०च्या दशकात आशिया-पॅसिफिकमध्ये सुबाभळीची लागवड जागोजागी उजाड केली आणि ती भारतातही पोचली.

हे सूत्र वापरायला मोठे यंत्र लागत नाही. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर बी.एस्सी.च्या मुलीने ते सोडवलेले मी पाहिले आहे.

तरीही, नुसत्या निर्देशांकाचा आकडा मागून थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. निर्देशांकाला जातींची नावे कळत नाहीत. घाणेरी, गाजर गवत, रानतुळस, तरोटा, वेडी बाभूळ, सुबाभूळ, काशिद अशी सगळी मंडळी समप्रमाणात असली की आकडा उत्तम येतो, आणि सागाचे प्राबल्य असलेल्या चांगल्या जंगलाचा आकडा त्यापेक्षा कमी भरू शकतो. शिवाय ढिगाऱ्यावर वरची माती पसरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात हंगामी तणांचा असा काही लोंढा येतो की जातींची संख्या एकदम फुगते. झाडांचे छत्र दाटले की ती उतरते. त्या फुगलेल्या वर्षी मोजणी करून विविधता वाढल्याचे सांगितले, तर आकडा खरा आणि निष्कर्ष खोटा ठरेल.

म्हणून तुलना लागते. कोणत्या जमिनीशी तुलना करायची ती जमीन आधी ठरवावी लागते, तिथली यादी करावी लागते, मग ढिगाऱ्यावरची यादी तिच्याशेजारी ठेवावी लागते. डेन्मार्कचे थोरवाल्ड सोरेन्सन यांनी १९४८ मध्येच यासाठी सोपे माप दिले: दोन्हीकडे सामाईक असलेल्या जातींची दुप्पट, भागिले दोन्ही याद्यांतल्या जातींची बेरीज. जंगलात ४० जाती, ढिगाऱ्यावर ३०, आणि सामाईक फक्त ६ असतील, तर बारा भागिले सत्तर, म्हणजे ०.१७. दोन्ही ठिकाणे एकमेकांची पूर्ण प्रतिरूपे असती तर हा आकडा १ आला असता. ‘जाती ३०’ ऐकून समाधान वाटते. ०.१७ ऐकून प्रश्न पडतो, आणि तो पडायला हवा.

आता तुलनेसाठी कोणती जमीन घ्यायची? इथे आमच्या भागाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे आणि ती दिल्लीतून दिसणार नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर, पद्मापूर भागात खाणींच्या पलीकडे लगेच ताडोब्याकडे जाणारे जंगल सुरू होते. तिथे उत्तर सरळ आहे: येन, धावडा, तेंदू, मोह, बिजा, लेंडिया, भेरा, रोहन, सालई, मोवई, चारोळी, आवळा, बेल, नाल्याच्या काठाने कहू, खाली कुडा, धायटी, मुरुडशेंग, त्याखाली गवते. पण वणी, घुग्घुस, भद्रावतीकडच्या खाणी मुख्यतः काळ्या मातीच्या शेतांवर आहेत. तिथे कापूस, तूर, सोयाबीन होते. तिथे जंगल ‘परत’ आणतो म्हणणे बरोबर होणार नाही, कारण ते अलीकडच्या काळात तिथे नव्हतेच. मग गेले काय? गेले ते धुऱ्यावरचे बाभूळ, हिवर, बोर, पळस आणि कडुनिंब. नाल्याकाठची करंजाची आणि कहूची रांग. गावाच्या कडेचे गायरान. आणि ज्याला विदर्भात महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ म्हणतात, ती खुरटी, गवताळ, दुर्लक्षित जमीन. पूर्व विदर्भातल्या या जमिनी वनच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी पुन्हा स्पष्ट केले. झुडपी जंगलात कुसळ, पवन्या, मारवेल अशी गवते असतात, भुईसरपट उगवणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पती असतात, भुईकंद असतात, आणि पावसाळ्याच्या दीड-दोन महिन्यांत उगवून फुलून बी टाकून जाणाऱ्या कितीतरी चिमुकल्या जाती असतात. या जमिनीची झाडे मोजली तर ती दरिद्री दिसेल. जाती मोजल्या तर मांडी घालून बसावे लागते.

काळ्या मातीचा आणखी एक पेच आहे. मंजुरीच्या अटीत वरची माती वेगळी काढून जपायला सांगितलेले असते, ते योग्यच आहे. वरच्या मातीत बियांचा साठा असतो, जिवाणू असतात, बुरशी असते, आणि ती ढीग करून वर्षानुवर्षे ठेवली तर हे सगळे मरत जाते, म्हणून ती लवकर वापरणेही गरजेचे. पण शेताच्या वरच्या मातीत बियांचा साठा शेतातल्या तणांचा असतो. ती ढिगाऱ्यावर अंथरली की तण उगवणार. तिच्यातून गायरानातले पवन्या उगवणार नाही. ते पाहिजे असेल, तर जिथे खाण पुढे सरकणार आहे तिथल्या झुडपी जमिनीची वरची वीतभर माती वेगळी काढून, साठवून न ठेवता त्याच हंगामात तयार ढिगाऱ्यावर नेली पाहिजे. कोणत्या तुकड्यावर कोणती माती पडली याची नोंद असेल, तरच पाच वर्षांनी केलेल्या मोजणीला अर्थ येईल. आज दोन्ही माती एकाच नोंदीत ‘टॉप सॉइल, इतके घनमीटर’ म्हणून जातात.

मोजणी केव्हा करायची हेही मोजणीइतकेच महत्त्वाचे. आमच्याकडची गवते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुऱ्यावर येतात आणि तुरा पाहिल्याशिवाय कित्येक गवते ओळखताच येत नाहीत. हंगामी वनस्पती तर दिवाळीनंतर दिसतच नाहीत. आर्थिक वर्ष संपताना फेब्रुवारी-मार्चमध्ये जो ढिगाऱ्यावर जाईल त्याला झाडे दिसतील, वाळलेल्या काड्या दिसतील आणि निम्म्याहून अधिक यादी दिसणारच नाही. त्यामुळे मोजणीचा महिना आदेशातच लिहा. एकदा पावसाळ्याच्या शेवटी, एकदा हिवाळ्यात.

पद्धत नवी शोधायची नाही. झाडांसाठी १० × १० मीटरचे चौकोन, झुडपांसाठी ५ × ५, गवत आणि रोपट्यांसाठी १ × १, हे देशातल्या प्रत्येक वनस्पतिशास्त्र विभागात शिकवले जाते. चौकोन वाढवत न्यायचे, आणि नवा चौकोन घेऊनही नवी जात सापडेनाशी झाली की थांबायचे. पण चौकोन कुठे टाकायचे, यात खरी कसोटी आहे. ढिगाऱ्याचा माथा, उतार, पायथा या तीन वेगळ्या जमिनी आहेत. पायथ्याशी वरून वाहून आलेली बारीक माती आणि ओल साचते, तिथे सगळे बरे असते. वाहनही तिथेच थांबते. मधल्या उतारावर, विशेषतः दक्षिण आणि पश्चिमेकडच्या, उन्हाने सगळे होरपळते. प्रत्येक भागात, प्रत्येक वयाच्या लागवडीत चौकोन पडले पाहिजेत, त्यांचे कोपरे खांब रोवून आणि अक्षांश-रेखांश नोंदवून कायम केले पाहिजेत, म्हणजे पुढचा अधिकारी, पुढचा ठेकेदार, पुढचा विद्यार्थी त्याच चौकोनावर येईल.

आणि त्या चौकोनात लावलेले झाड व आपणहून उगवलेले रोप या दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. माझ्या दृष्टीने या पत्रातली सर्वांत महत्त्वाची मागणी हीच आहे. लावलेले झाड आपली मेहनत सांगते. आपणहून उगवलेले रोप जमिनीची तब्येत सांगते. बी आले कुठून, पक्ष्याने आणले की वाऱ्याने, रुजले, उन्हाळ्यातून वाचले, म्हणजे तिथे काहीतरी सुरू झाले. वीस वर्षांच्या ढिगाऱ्यावर बोर, पळस, तेंदू, कुसुम यांचे एकही आपसूक रोप नसेल आणि फक्त सुबाभळीची रोपे असतील, तर तो ढिगारा कोणत्या दिशेने चालला आहे हे स्पष्ट आहे.

रोपवाटिकेकडे पाहिले की असे का होते ते कळते. निविदा रोपांच्या संख्येवर आणि उंचीवर निघते, आणि पावसाच्या तोंडावर लाखभर रोपे हवी असतात. जे सहज उगवते तेच पिशवीत जाते. धावड्याचे बहुतेक बी पोचट निघते, शंभरांत थोडीच उगवतात. मोहाचे बी पडल्यावर काही आठवड्यांतच मरते, ते तेव्हाच लावावे लागते. तेंदू मुळांच्या फुटव्यांतून चांगला वाढतो, पिशवीत रडतो. सालईच्या फांद्या लावता येतात, पण त्या वेळेवर कापून आणणारा माणूस लागतो. ही झाडे अवघड आहेत आणि त्यांना दोन-तीन वर्षे आधी तयारी लागते. यशाचे माप रोपांची संख्या राहील तोवर कोणताही ठेकेदार ही तयारी करणार नाही, आणि त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही. माप बदलले की रोपवाटिका बदलेल.

बाहेरच्या देशांत हे माप बदलल्याने काय झाले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेने १९७७ मध्ये खुल्या कोळसा खाणींसाठी कायदा केला. त्यात वनस्पतींचे आच्छादन विविध, टिकाऊ, त्या भागातल्या मूळ वनस्पतींशी जुळणारे आणि आपणहून पुनरुत्पादन करणारे असावे असे लिहिले आहे. खाण कंपनीने आधी ठेवलेली तारण रक्कम टप्प्याटप्प्याने सुटते, आणि लागवडीनंतर किमान पाच वर्षे, तर २६ इंच किंवा त्याहून कमी पावसाच्या प्रदेशात दहा वर्षे, जबाबदारी कंपनीवरच राहते. पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅरा वृक्षांच्या जंगलातल्या बॉक्साइट खाणींवर खाण कंपनीने स्वतःसाठी लक्ष्य ठरवले: लागवडीनंतर पंधरा महिन्यांनी तिथल्या वनस्पतींच्या जाती शेजारच्या जंगलाइतक्या, शंभर टक्के, भरल्या पाहिजेत. त्या एका आकड्यामुळे ताजी वरची माती लगेच परत नेणे सुरू झाले, धुराने बी जागे करण्याचे प्रयोग झाले, ज्यांचे बी उगवत नाही त्या जाती ऊतिसंवर्धनाने वाढवल्या गेल्या. अलीकडे तिथल्या स्वतंत्र शास्त्रज्ञांनी या पुनर्स्थापनेवर कडक टीका केली आहे, आणि तीही वाचली पाहिजे. जातींची संख्या जुळली तरी जंगलाची रचना, मोठी झाडे, त्यांतल्या ढोल्या आणि त्यांत राहणारे जीव एवढ्या काळात परत येत नाहीत. पण ही टीका तरी कशामुळे शक्य झाली? नोंदी होत्या म्हणून.

आपल्याकडेही ज्ञान नाही असे नाही. सिंगरौलीच्या कोळसा पट्ट्यात बनारस हिंदू विद्यापीठाच्या जे. एस. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयांच्या ढिगाऱ्यांवर माती आणि वनस्पती कशा बदलत जातात याचा अभ्यास १९९१ मध्येच प्रसिद्ध केला. शास्त्र इथलेच आहे, हवामान आपल्यासारखेच कोरडे आहे. ते शोधनिबंधातून मंजुरीच्या अटीत उतरायचे तेवढे राहिले.

थोडे विषयांतर वाटेल, पण सांगितलेच पाहिजे. महाराष्ट्रात खाणी फक्त कोळशाच्या नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या जांभ्या दगडाच्या पठारांवर, म्हणजे सड्यांवर, बॉक्साइटसाठी खणले गेले आहे. त्या सड्यांवर मुळात मोठी झाडे नसतातच. तिथे पावसाळ्यात सीतेची आसवे, गेंद यांसारख्या बोटभर वनस्पतींची रंगीत चादर पसरते, आणि त्यांतल्या काही जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. तिथे हेक्टरी २५०० झाडांची अट लावली तर पुनर्स्थापनेच्या नावाखाली सडा दुसऱ्यांदा जाईल. म्हणूनच देशभर एक आकडा लावू नका. प्रत्येक खाणीला तिच्या शेजारची यादी लावा.

ही यादी करणार कोण, हा प्रश्न आपण विचाराल. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. खाणपट्ट्यातल्या गावांच्या नोंदवह्या उघडा. जिथे त्या नुसत्या उतरवलेल्या असतील, तिथे पुन्हा करून घ्या. गोंड आणि कोलाम वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या बायांना आणि गुराख्यांना गवताची जी नावे आणि उपयोग ठाऊक आहेत, त्याला तोड नाही. कोणते गवत बैल आवडीने खातो, कोणते नुसते उभे राहते, कोणते आता दिसेनासे झाले, हे कुसळांतून आयुष्यभर चाललेला माणूस सांगतो. त्यांना मजुरी द्या, अहवालात त्यांचे योगदान लिहा. जोडीला तालुक्यातल्या महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग घ्या. नमुने वाळवून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रात ठेवा, म्हणजे ओळखीबद्दल वाद झाला तर पुरावा असेल. लागवड करणाऱ्या यंत्रणेने स्वतःची मोजणी स्वतः करू नये, एवढे पथ्य मात्र पाळा.

खर्चाची अडचण सांगू नका, ही विनंती. रोपे, खड्डे, टँकरचे पाणी, कुंपण यांवर जे खर्च होते त्यापुढे चौकोनांच्या मोजणीचा खर्च फार थोडा आहे. आणि ज्या गावांनी शेत दिले, गायरान दिले, धुऱ्यावरची बोरे आणि मोहाखालची पहाट दिली, त्यांना ढिगाऱ्यावर आता काय आहे हे जाणून घेण्याचा अधिकार आहे. ढिगारा शेवटी राज्याकडे किंवा गावाकडे परत येईल, तेव्हा त्यावर गुरे चरतील की काटेरी रान माजेल, हे त्यांना आधी कळायला हवे. चंद्रपूरच्या आसपास वाघ-बिबटे वस्तीच्या कडेपर्यंत येतात, हे आपण जाणता. दाट, एकाच जातीचे झुडूप हिंस्र प्राण्याला दबा धरायला जागा देते आणि चितळाला लागणारे गवत मात्र वाढू देत नाही. ढिगाऱ्यावर कोणती वनस्पती आहे हा खेड्यातल्या लोकांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

या सर्वांतून पहिल्या वर्षी करता येईल इतके थोडके मागतो. वर्धा खोऱ्यातला दहा वर्षांहून जुना, ‘पुनर्स्थापित’ म्हणून नोंदलेला एक ढिगारा निवडा. त्याच्या पाच-दहा किलोमीटरच्या परिसरातले एक चांगले झुडपी जंगल किंवा राखीव वनाचा तुकडा तुलनेसाठी ठरवा. येत्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन्हीकडे चौकोन टाका, झाडे, झुडपे आणि गवते यांच्या याद्या करा, लावलेले आणि आपसूक उगवलेले वेगळे लिहा, परकी आणि स्थानिक वेगळी लिहा. डिसेंबरपर्यंत त्या याद्या मराठीत, गावच्या नावांसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि आपल्या संकेतस्थळांवर लावा. आकडा वाईट आला तरी लावा. मग त्याच याद्यांवरून पुढच्या पावसाळ्याच्या रोपवाटिकेची निविदा काढा, आणि त्या निविदेत उंचीच्या आधी जातीचे नाव असू द्या.

चौकोन टाकायला माणसे कमी पडली तर आमच्या भागातले माजी विद्यार्थी येतील. त्यांतले बरेच जण आता शिक्षक आहेत, काही शेती करतात, काही याच खाणींत नोकरीला आहेत. गवते त्यांना अजून ओळखू येतात.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
जिल्हा चंद्रपूर